मुलांना घेऊन विमान आणि अंतराळ संग्रहालय: काय बघायचं, काय सोडायचं?

चिंगीची_आई

नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात आम्ही चौघं एका मोठ्या विमान आणि अंतराळ संग्रहालयात जाणार आहोत. तिकिटं काढून झालीत. मुलगा ९ वर्षांचा, तो रोज झोपताना किती दिवस उरले ते मोजतोय, आणि मुलगी साडेपाचची, ती त्याचं बघून मोजतेय, नक्की कुठे जायचंय ते तिला अजून नीटसं कळलेलं नाही.

मागच्या वर्षी एका विज्ञान संग्रहालयात गेलो होतो. तेव्हा मी पहिल्या दालनापासून शेवटच्यापर्यंत सगळं रांगेनं दाखवायचं ठरवलं, साडेचार तास चाललो, मुलगी शेवटी कडेवर झोपून गेली, मुलगा पाट्या वाचून वाचून कंटाळला आणि रात्री विचारलं काय आवडलं तर दोघंही गप्प. मला फार वाईट वाटलं. यावेळी तसं होऊ द्यायचं नाहीये.

विचारायचं असं की एक, एवढ्या मोठ्या जागेत सुरुवात कुठून करायची. दोन, दोघांच्या वयात फरक आहे, तर एकाला समजेल आणि दुसरीला कंटाळा येणार नाही असं काही असतं का. तीन, घरी आधी काही तयारी करून घ्यावी का. माझं शिक्षण कॉमर्सचं, नवऱ्याचंही तेच, त्यामुळे विमान वर राहतं कसं असं पोरानं विचारलं की आम्ही दोघं एकमेकांकडे बघतो. आणि चौथं म्हणजे मुलानं कुठेतरी अंतराळात पाठवलेल्या लायका कुत्रीबद्दल वाचलंय, तेव्हापासून ती परत आली का असं विचारतोय आणि मी विषय बदलतेय. तिथे तिचा फोटो असणारच, मग काय सांगू?


दोन_पोरांचा_बाबा

चिंगीची आई, तुमचं मागच्या वर्षीचं वाचून आमचीच पहिली ट्रिप आठवली. अनुभवावरून सांगतो, तीन गोष्टी ठरवा. एक मुलाची, एक मुलीची, एक तुमची स्वतःची. बाकी जे वाटेत दिसेल ते बोनस. नकाशा आदल्या दिवशी त्यांच्यासमोर पसरा आणि त्यांनाच खुणा करू द्या, म्हणजे तिथे गेल्यावर 'आपण आपलं ठरवलेलं बघायला चाललोय' असं वाटतं.

दुसरं, दारातून आत गेल्या गेल्या जे पहिलं दालन लागतं तिथे सगळे थांबतात. तुम्ही थांबू नका, सरळ सगळ्यात लांबच्या टोकाला जा आणि उलटे या. पहिला तास दीड तास मुलं ताजी असतात, तो गर्दीत घालवायचा नाही. सिम्युलेटरला, म्हणजे विमान चालवल्यासारखं वाटायला लावणाऱ्या यंत्राला, उंचीची अट असू शकते, ते आधी बघून ठेवा, कारण तासभर रांगेत उभं राहून धाकटीला 'तू नाही' असं ऐकावं लागलं तर पुढचा सगळा दिवस जातो. आमच्याकडे गेलेला आहे.

आणि तुम्ही दोघं आहात तर वेगळे व्हा की! एक जण मुलाबरोबर, एक जण मुलीबरोबर, दर तासाने एका ठरलेल्या विमानाखाली भेटायचं. भेटल्यावर एकमेकांना काय पाहिलं ते सांगायचं. आमची पोरं त्या सांगण्यासाठीच जास्त नीट बघायला लागली.

आम्ही वॉशिंग्टनजवळच्या उड्वार-हेझी सेंटरला गेलो होतो. आत शिरलं की समोर ते काळं एसआर-७१ हे हेरगिरीचं विमान आणि त्याच्या मागच्या दालनात डिस्कव्हरी स्पेस शटल. १९८४ ते २०११ या काळात ३९ वेळा अंतराळात जाऊन आलेलं खरंखुरं यान, सगळ्या फेऱ्या मिळून ३६५ दिवस वर राहिलेलं. माझा थोरला त्याच्या पोटाखालच्या काळ्या टाइल्स बघत चाळीस मिनिटं जमिनीवर बसून होता. त्या टाइल्स वीस हजारांच्या वर आहेत, प्रत्येकीचा आकार आणि जागा ठरलेली, म्हणून प्रत्येकीवर आपापला नंबर असतो. तो नंबर वाचत होता. मी दोनदा चल म्हणणार होतो, नाही म्हटलं ते बरं झालं. राहिलेली चार दालनं बघायची राहिली ती राहिली.


रिव्हेट

मी गेली बावीस वर्षं विमानांच्या देखभालीचं काम करतो, म्हणून जरा लांब लिहितो, वेळ होईल तसं वाचा.

संग्रहालयात मुलांना विमान दिसतं ते आख्खं. आख्खं विमान अर्ध्या मिनिटात बघून होतं आणि मग पुढचं विमानही तसंच दिसतं. म्हणून त्यांना विमान बघायला सांगू नका, विमानावरची एकेक वस्तू शोधायला सांगा. मी माझ्या भाचरांना न्यायचो तेव्हा काय शोधायला लावायचो ते देतो.

नाकाच्या आसपास एक बोटाएवढी नळी असते, तोंड पुढे करून. ती पिटो ट्यूब. समोरून येणारी हवा तिच्यात घुसते, किती जोरात घुसते त्यावरून कॉकपिटमध्ये वेग कळतो. वर थंडीत तिच्यात बर्फ धरू नये म्हणून ती आतून तापवतात, आणि विमान जमिनीवर उभं असताना किडे घर करू नयेत म्हणून तिला टोपी घालतात, टोपीला लांब लाल पट्टी, म्हणजे उडण्याआधी काढायची राहू नये. संग्रहालयातल्या विमानांवरही पुष्कळदा ती लाल पट्टी लटकत असते. साडेपाच वर्षांच्या मुलीला लाल पट्टी शोधायला सांगा, बघा कशी पळते.

पंखाच्या मागच्या कडेला बारीक काड्या दिसतील, उदबत्तीएवढ्या. हवेतून जाताना विमानाच्या अंगावर वीज साठते ती तिथून निघून जाते. जेट इंजिनाच्या मधल्या टोपीवर पांढरं वेटोळं किंवा स्वल्पविरामासारखी खूण असते, ती शोभेची नाही, इंजिन फिरतंय हे खालच्या माणसाला लांबूनच दिसावं म्हणून असते. चाकांच्या टायरवर नुसत्या गोल गोल खाचा, गाडीच्या टायरसारखी नक्षी नाही, ते मुलाला विचारा का असेल. टायरला इंजिन जोडलेलं नसतं, त्यानं ढकलायचं नसतं, पाणी बाजूला सारायचं आणि सरळ धावायचं एवढंच.

आता रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडणारे खिळ्यासारखे धातूचे तुकडे, माझं आवडतं. जुन्या हळू उडणाऱ्या विमानाच्या पत्र्यावर रिव्हेटची डोकी फुगीर दिसतील, शर्टाच्या बटणांसारखी. वेगवान विमानापाशी जा आणि तिरक्या नजरेनं पत्रा बघा, डोकी आत बसवलेली, पृष्ठभागाला सपाट. ती छोटी डोकीसुद्धा हवेला अडवतात म्हणून हा सगळा खटाटोप. नऊ वर्षांच्या मुलाला एवढं कळलं की तो प्रत्येक विमानापाशी आपणहून जवळ जाऊन हे हळू उडायचं की जोरात ते सांगायला लागतो. माझा भाचा लागला होता. हात लावायची परवानगी नसते तिथे नुसतं डोळ्यांनी.

आणि पंखा, म्हणजे प्रोपेलर. त्याचं पातं मुळाशी जास्त तिरकं आणि टोकाला कमी तिरकं, असा पीळ असतो. फिरताना टोक जास्त जोरात जातं, मूळ हळू जातं, म्हणून. पातं म्हणजे फिरणारा पंखच आहे हे राइट बंधूंनी ओळखलं होतं. त्यांनी १९०१ मध्ये घरच्या घरी एक लाकडी पेटीसारखा वाऱ्याचा बोगदा करून त्यात पंखांचे छोटे छोटे दोनशेच्या आसपास आकार तपासले, सायकलचं दुकान चालवणारे दोघे भाऊ! मला हे आठवलं की अजून अंगावर काटा येतो.

विमान वर कसं राहतं, त्याला कॉमर्स आडवं येत नाही. घरी टेबलफॅनसमोर एक जाड पुठ्ठा आडवा धरा. सपाट धरला की काही नाही. पुढची कड जराशी उचलली की पुठ्ठा हातातून वर जायला बघतो. पंख येणारी हवा खाली वळवतो, आणि हवेला खाली ढकललं की हवा पंखाला वर ढकलते. आता कड अजून उचला, अजून, एका ठिकाणी पुठ्ठा नुसता मागे ढकलला जातो आणि थरथरतो. त्याला स्टॉल म्हणतात, तो काय असतो ते मुलाच्या मनगटाला कळेल.


मीरा_क

रिव्हेट, आम्हाला शाळेत वेगळं सांगितलेलं. पंख वरून फुगीर असतो, वरच्या हवेला जास्त अंतर कापायचं असतं आणि मागे खालच्या हवेला एकाच वेळी भेटायचं असतं म्हणून ती जोरात पळते आणि तिथे दाब कमी होतो. ते चूक की काय? मी तर हेच माझ्या मुलीला सांगितलंय.


रिव्हेट

मीरा, वर दाब कमी होतो आणि वरची हवा जोरात जाते हे दोन्ही बरोबर. चूक फक्त एवढंच की वरच्या आणि खालच्या हवेनं मागे एकाच वेळी भेटायचं. असा कुठलाच नियम नाही. वाऱ्याच्या बोगद्यात धूर सोडून बघितलं तर वरचा धूर खालच्याच्या आधीच पुढे निघून गेलेला दिसतो. शिवाय ते खरं असतं तर कसरतीची विमानं उलटी उडलीच नसती, कारण उलटं झाल्यावर फुगीर बाजू खाली येते. उलटं विमान उडतं कारण पायलट नाक असं धरतो की पंख हवेला खालीच ढकलेल. मुलीला हे सांगून बघाच, उलट्या विमानाचं मुलांना पटकन पटतं.


कक्षा

मी सुट्टीच्या दिवशी एका संग्रहालयात अंतराळ दालनात माहिती सांगायला उभी असते, पगारी नाही, आवडीनं. मुलं सगळ्यात आधी काय विचारतात सांगू? शू कुठे करतात. मोठी माणसं दटावतात, 'असलं काय विचारतोस'. अहो विचारू द्या, फार चांगला प्रश्न आहे तो! वजनच नाही तर खाली पडणार कसं, याचं उत्तर शोधता शोधता मूल गुरुत्वाकर्षणापाशी पोचतं. अंतराळ स्थानकावर पाइपातून हवा आत ओढली जाते, त्या हवेबरोबर शू ओढली जाते, आणि तिचंच शुद्ध करून पिण्याचं पाणी होतं. हे सांगितलं की लहान मुलं 'ईऽऽ' करून ओरडतात आणि मोठी मुलं गप्प होऊन विचार करतात. अपोलोच्या वेळी नुसत्या पिशव्या होत्या.

आणि अपोलोवरून, चंद्रावर जाऊन आलेल्या अपोलो ११ च्या कोलंबिया कॅप्सूलमध्ये २०१६ साली आतून थ्रीडी स्कॅनिंग केलं तेव्हा आतल्या भिंतींवर अंतराळवीरांनी पेनानं लिहिलेलं सापडलं. आकडेमोड, दिवस खोडत गेलेलं छोटं कॅलेंडर, आणि एका कप्प्यावर 'घाण वासाचा कचरा' अशी सूचना. भिंतीवर लिहू नये म्हणून ओरडा खाणाऱ्या मुलांचे चेहरे हे ऐकल्यावर बघण्यासारखे होतात.

कॅप्सूलपाशी मी एक गोष्ट नेहमी करते. अपोलोला घेऊन जाणारं सॅटर्न ५ रॉकेट ११० मीटर उंच, म्हणजे ३६ मजली इमारत धरा. त्यातलं परत काय आलं? सव्वातीन मीटर उंचीची ही कॅप्सूल. तिघं जण, आठ दिवस, हिच्यात. मुलांना सांगते तळाकडची करपलेली बाजू बघा. ती मुद्दाम करपू दिलेली असते. परत येताना बाहेरचा थर जळत जळत निघून जातो आणि उष्णता बरोबर घेऊन जातो, म्हणून आतली माणसं वाचतात.

आता तरंगणं. स्थानकावर गुरुत्वाकर्षण नसतं असं बहुतेक पालक मुलांना सांगत असतात, माझ्या शेजारी उभं राहून सांगतात. स्थानक जेमतेम ४०० किलोमीटर वर आहे, तिथे गुरुत्वाकर्षण इथल्या साधारण ९० टक्के असतं. मग तरंगतात का? कारण स्थानक आणि माणसं सगळेच सतत पडत असतात, फक्त आडवा वेग ताशी २८ हजार किलोमीटर, त्यामुळे पडता पडता पृथ्वीच्या कडेवरून पुढे निघून जातात आणि दीड तासात चक्कर पुरी होते.

चिंगीची आई, जायच्या आधी घरी हे कराच. प्लास्टिकच्या बाटलीला बुडाशी भोक पाडा, झाकण काढून पाणी भरा, भोकातून धार लागेल. आता बाटली उंचावरून सोडून द्या. पडत असताना धार थांबते! बाटली पण पडतेय, पाणी पण पडतंय, मग बाहेर यायला पाण्याला कारणच उरत नाही. अंतराळवीर म्हणजे त्या बाटलीतलं पाणी. अंगणात करा, घरात नको.

जमलं तर केरळात थुंब्याचं संग्रहालयही कधीतरी दाखवा, मोठं नाही पण ते चर्चच्या इमारतीत आहे. २१ नोव्हेंबर १९६३ ला तिथून आपल्या भूमीवरचं पहिलं रॉकेट उडालं, आणि त्या काळी रॉकेटचे भाग सायकलवरून नेत होते त्याचा फोटो पोरांना दाखवला की 'एवढंच?' म्हणतात. मग चांद्रयान-३ २३ ऑगस्ट २०२३ ला उतरलं ते आठवण करून द्यायची.


शांतदुपार

वरचे प्रतिसाद छान आहेत, माझा फक्त एक मुद्दा. माझ्या मुलाला मोठे आवाज अजिबात सहन होत नाहीत. रॉकेट उडण्याचा व्हिडिओ जिथे लावलेला असतो तिथे जमीन हादरेल एवढा आवाज असतो आणि काळोख, तो अचानक सुरू होतो. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा तो एवढा घाबरला की नंतर काही बघायलाच तयार नव्हता. आता मी आधी एकटी आत डोकावून येते, त्याला सांगते की आत अंधार आहे, दहा मोजल्यावर मोठा आवाज येईल, मग कानावर हात ठेवून तो स्वतः दहा मोजतो. साडेपाचच्या मुलीला याची गरज पडू शकते. बसायला एक कोपरा आधीच हेरून ठेवा.


निवृत्त_बाई

चिंगीच्या आई, मी तीस वर्षं शाळेत शिकवलं, दरवर्षी एक सहल अशा ठिकाणी न्यायचे. लायकाचं तुम्ही विचारलंत त्याला कुणी हात लावला नाही म्हणून लिहिते.

खरं सांगा. विषय बदलला की मुलाला कळतं की काहीतरी वाईट आहे आणि ते आई सांगत नाहीये, मग तो एकटाच त्याचा विचार करत बसतो. लायका ३ नोव्हेंबर १९५७ ला स्पुटनिक २ मधून गेली. त्या यानाला परत उतरायची सोयच केलेली नव्हती, आणि पाठवणाऱ्यांना ते माहीत होतं. आतली उष्णता वाढली आणि ती काही तासांतच गेली. हे उघडपणे सांगितलं गेलं २००२ मध्ये, तोवर ती कितीतरी दिवस जगली असंच लोक समजत होते. म्हणजे मोठ्या माणसांनी सुद्धा पंचेचाळीस वर्षं विषय बदलला होता. नऊ वर्षांच्या मुलाला यातलं 'ती परत आली नाही, तिला गरम झालं आणि ती लवकर गेली, आणि असं करायला नको होतं असं पुढे त्यातल्या काही माणसांनाही वाटलं' एवढं नक्की पेलतं. तो रडला तर रडू दे, तिथेच शेजारी बसा.

मग बेल्का आणि स्ट्रेल्का या दोन कुत्र्यांची गोष्ट सांगा, पण घाईनं नको, लायकाचं दुःख पुसायला म्हणून नको. त्या दोघी ऑगस्ट १९६० मध्ये जाऊन सुखरूप परत आल्या. स्ट्रेल्काला पुढे पिल्लं झाली, त्यातलं पुशिंका नावाचं एक पिल्लू अमेरिकेच्या अध्यक्ष केनेडींच्या घरी भेट म्हणून गेलं. धाकटीला पिल्लाचं आवडेल.

आणि एक, जे तुम्ही विचारलं नाहीत पण तिथे येणारच. अशा संग्रहालयात निम्मी विमानं लढाईतली असतात. मुलं विचारतात यानं किती पाडली. वर बाबांनी ज्या ठिकाणाचं लिहिलंय त्याच छताखाली एनोला गे आहे, ६ ऑगस्ट १९४५ ला हिरोशिमावर अणुबॉम्ब टाकणारं. त्याचा पत्रा आरशासारखा चकचकीत आहे. माझा नातू त्याच्यापुढे उभा राहून म्हणाला आजी हे सगळ्यात सुंदर आहे. मी त्याला आधी बघू दिलं. सुंदर दिसतंय ते खोटं नव्हतं. मग खाली बसून सांगितलं की यातून काय पडलं आणि खाली कोण होतं, सकाळची वेळ होती, मुलं शाळेत, कामावर जात होती. तो काही बोलला नाही. बऱ्याच वेळानं, आम्ही बाहेर आल्यावर, त्यानं विचारलं की ते चालवणाऱ्याला खालची मुलं दिसत होती का. मी म्हटलं इतक्या उंचीवरून नाही दिसत. तो म्हणाला, म्हणूनच टाकता आलं.


चिंगीची_आई

सगळ्यांचे मनापासून आभार. जाऊन आलो, आणि वृत्तांत लिहिल्याशिवाय राहवेना.

तयारीचं आधी. फॅनसमोरचा पुठ्ठा दोघांनी आठवडाभर धरला, मुलगा आता 'स्टॉल झाला' असं जेवायच्या खुर्चीबद्दल पण म्हणतो. बाटली अंगणात सोडली, पहिल्या दोन वेळा मला धार थांबलेली दिसलीच नाही, इतक्या पटकन पडते, मग नवऱ्यानं मोबाइलवर स्लो मोशनमध्ये घेतलं आणि चौघांनी डोकी एकत्र करून बघितलं. धार खरंच थांबते! मला चाळिशीत हे पहिल्यांदा कळलं.

राइट बंधूंचं मी स्वतः वाचून काढलं, माझी तिसरी वस्तू तीच होती. १७ डिसेंबर १९०३ चं पहिलं उड्डाण १२ सेकंदांचं आणि १२० फूट, म्हणजे साडेछत्तीस मीटर. मैदानावर दोरीनं तेवढं अंतर मोजलं. मोठ्या जंबो जेटच्या पंखांची लांबी याहून जास्त असते हे कळल्यावर मुलगा दोरीच्या एका टोकाला जाऊन दुसऱ्या टोकाकडे बघत राहिला. समोरून वारा जोराचा असल्यानं विमान जमिनीवरून बघता हळूच चाललेलं, आत ऑर्व्हिल, आणि त्याचा भाऊ विल्बर पंखाच्या शेजारून पळत होता. मग आमच्याकडे मुलगा ऑर्व्हिल झाला, मुलगी विल्बर, मी मोठ्यानं बारा मोजायचे.

संग्रहालयात लांबच्या टोकापासून सुरुवात केली. मुलीला लाल पट्ट्या शोधायचं काम दिलं, तिला सहा सापडल्या. मुलानं एका जुन्या प्रोपेलरवाल्या विमानाचा पत्रा तिरक्या मानेनं बघितला, मग बाजूच्या जेटचा, आणि तिथे असलेल्या एका कर्मचारी काकांना जाऊन सांगितलं की याची बटणं बाहेर आहेत आणि त्याची आत आहेत. काका खूश झाले, त्यांनी त्याला जेटच्या पंखाखाली एक जागा दाखवली, तिथे एक चौकोनी ठिगळ होतं, दुरुस्तीचं, त्याच्या कडेनं रिव्हेटची रांग, पण एकदम नवी आणि ओळ किंचित वाकडी. म्हणजे कुणीतरी कधीतरी तिथे हातानं काम केलेलं. त्या ठिगळाचं चित्र त्यानं वहीत काढलंय, आख्ख्या विमानाचं नाही.

शांतदुपार, तुमचं दहा मोजणं कामाला आलं. दारातच आवाजाची चाहूल लागली, मुलगी मागे सरकली, मग आम्ही बाहेर बसून मोजलं आणि तिसऱ्या वेळी ती स्वतः आत गेली.

लायकाचा फोटो छोटासाच होता, एका कोपऱ्यात. बाई, मी तुम्ही सांगितलंत तसंच सांगितलं. तो रडला नाही. बराच वेळ बघत होता, मग विचारलं की तिला आत बसवताना कुणीतरी पट्टा लावला असेल ना, त्या माणसाला माहीत होतं का. मी म्हटलं हो. त्यावर त्यानं माझा हात धरला आणि पुढच्या दालनात जाईपर्यंत सोडला नाही. बेल्का आणि स्ट्रेल्काचं मी घरी येऊन सांगितलं.

राइट फ्लायरची प्रतिकृती अगदी शेवटी होती. ऑर्व्हिलचा पुतळा खालच्या पंखावर पोटावर पालथा. आमची चिंगी थेट जमिनीवर तशीच पालथी पडली, हनुवटी वर करून, आणि कंबर इकडे तिकडे हलवायला लागली, कारण पाटीवरच्या चित्रात बघितलं होतं की कंबर हलवली की पंख पिळतात आणि विमान वळतं. मागे लोक थांबले होते, कुणी काही बोललं नाही. तीन तासांत बाहेर आलो. दोन दालनं राहिली, एक मी मुद्दाम सोडलं.

एक प्रश्न मात्र घेऊन आलेय, रिव्हेट तुम्हालाच. रात्री मुलीनं विचारलं, विल्बर नुसता पळतच राहिला का, त्याला बसायला मिळालंच नाही का?


रिव्हेट

मिळालं की! तिला सांगा, आळीपाळीनं बसायचं असं दोघांचं ठरलेलं होतं. त्याच दिवशी दुपारी बाराच्या सुमारास चौथं उड्डाण झालं ते विल्बरचं. ५९ सेकंद, ८५२ फूट, म्हणजे २६० मीटर. आता तुमच्या दोरीच्या सात दोऱ्या एकापुढे एक लावा, आणि त्या वेळी पंखाशेजारून पळायचं काम मुलाला द्या.


चिंगीची_आई

रविवारी मैदानावर. दोरी कमी पडतेय, शेजारून आणतेय.